वाट अरुणचा संध्याकाळचा फोटो: गच्ची, धक्का की बोट?

बँकॉकमध्ये एकच संध्याकाळ हातात असेल, तर वाट अरुण या देवळाच्या आवारात ती घालवू नका. देऊळ चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर आहे. सूर्य त्याच्या पाठीमागे मावळतो, तो बघायचा समोरच्या तीरावरून. आवार सहाला बंद होतं आणि जूनमध्ये सूर्यास्तच पावणेसातच्या सुमारास असतो. आत जायचंच तर दुपारी जा, चिनी मातीच्या तुकड्यांच्या नक्षीचे क्लोजअप घ्या. संध्याकाळी तिथे भाड्याचा थाई पोशाख घालून पोज देणाऱ्यांच्या मधूनच वाट काढावी लागते.

समोरच्या था तियन भागात नदीला लागून रूफटॉप बार आहेत. उंचीमुळे नदीचा पट्टा मोकळा दिसतो आणि पायाखाली काँक्रीट असतं. पण कठड्याजवळचं टेबल आधी बुक करावं लागतं, बिल दणकून येतं आणि ट्रायपॉडला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. कॅमेरा कठड्यावर टेकवून दोन सेकंदांचं एक्सपोजर मात्र निभावतं.

धक्क्यावर खर्च जवळपास शून्य. पाण्यातलं प्रतिबिंबही इथूनच जास्त दिसतं. अडचण वेगळीच आहे: या नदीवरचे धक्के बहुतेक तरंगते. एखादी बोट गेली की सगळा तराफा हलतो आणि ट्रायपॉड असूनही कळसाला दोन कडा येतात. तेव्हा तराफ्यावर न जाता काठावरच्या पक्क्या जमिनीवरून मोकळी जागा शोधा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य नैर्ऋत्येला कलतो, म्हणून प्रवाहाच्या वरच्या अंगाला, उत्तरेकडे थोडं सरकलात तर तो प्रांगच्या, म्हणजे देवळाच्या मधल्या उंच मनोऱ्याच्या, मागे धरता येतो. जूनमध्ये तो बराच उजवीकडे जातो, मग सरळ ढगांवर भिस्त ठेवायची.

बोटीचं थोडक्यात: व्हिडिओला उत्तम, फोटोला बेभरवशाची. टूरच्या पॅकेजमध्ये डिनर क्रूझ असतेच, पण त्यातल्या बऱ्याच सात-साडेसातनंतर सुटतात, तोवर आकाश काळं झालेलं असतं. हलत्या डेकवर फोनचा नाइट मोडही फारसं काही करू शकत नाही.

माझं मत विचाराल तर कॅमेरा आणि ट्रायपॉड असेल तर काठ, नुसता फोन असेल किंवा घरची मंडळी बरोबर असतील तर गच्ची. फोनवर २एक्स झूम लावा, नाहीतर देऊळ इवलंसं येतं. कॅमेऱ्याला ३५ ते ७० एमएमची लेन्स पुरते. दोन्हीकडे सूर्य बुडाला म्हणून उठू नका. दिवे लागल्यावर आकाश गडद निळं असतं ती वीसेक मिनिटंच खरी. दिव्यांत प्रांग पांढराफटक उडतो, म्हणून एक्सपोजर त्याच्यावर धरून एखादा स्टॉप खाली घ्या, म्हणजे प्रकाश निम्मा करा. समोरून जाणाऱ्या क्रूझच्या रंगीबेरंगी रोषणाईच्या रेघा नको असतील, तर दोन बोटींच्या मधली फट गाठून शटर दाबा.