पाइनचं तेल : टर्पेंटाईन ओळखणाऱ्या नाकाचा अभिप्राय

मी पाट्या रंगवणारा माणूस. फ्लेक्स येईपर्यंत पुण्यातल्या बऱ्याच दुकानांच्या पाट्यांवर माझा हात फिरलाय, आणि रंग पातळ करायच्या टर्पेंटाईनचा वास अंगात मुरलाय. त्यामुळे सूनबाईने ऑनलाइन मागवलेली पाइन एसेन्शियल ऑइलची (म्हणजे पाइनच्या झाडापासून काढलेल्या सुगंधी तेलाची) १५ मिलीची बाटली हातात आली, तेव्हा आधी बूच उघडून वास घेतला, लेबल नंतर वाचलं.

वास अस्सल आहे. हे मी उगाच म्हणत नाही. टर्पेंटाईन आणि हे तेल तशी चुलत भावंडंच. चीडाच्या, म्हणजे आपल्याकडच्या पाइनच्या, खोडाला चरे पाडले की चीक पाझरतो, उत्तराखंडात त्याला लीसा म्हणतात. तो तापवून त्याची वाफ थंड केली की टर्पेंटाईन मिळतं आणि खाली राळ उरते. बाटलीतलं तेल मात्र पाइनच्या सुयांसारख्या पानांमधून वाफेवर काढलेलं असतं. दोन्हींत अल्फा-पायनीन नावाचं वासाचं द्रव्य असल्यामुळे नाकात जाणारी पहिली सणक सारखीच. पण पानांच्या तेलात बोर्निल अ‍ॅसिटेटही असतं, त्यामुळे मागून एक गोडसर, कापरासारखी झाक येते. टर्पेंटाईनचा वास शेवटपर्यंत कच्चाच राहतो. (आरतीचा कापूर आज बहुतेक करून टर्पेंटाईनपासूनच कारखान्यात बनवतात, हे आमच्या आळीत सांगितलं तर कोणाला पटत नाही.)

पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवला. वाळल्यावर तेलकट डाग राहिला नाही, म्हणजे स्वस्तातलं खायचं तेल मिसळलेलं नाही. टर्पेंटाईनची भेसळ मात्र या कागदाने पकडता येत नाही, कारण तेही उडूनच जातं. तिथे नाकच कामाला येतं.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एका बाटलीवरून सगळ्या मालाची हमी मी कशी देऊ? कुठलीही घ्या, लेबलवर तीन गोष्टी बघा : झाडाचं शास्त्रीय नाव (माझ्या बाटलीवर पायनस सिल्वेस्ट्रिस आहे), तेल झाडाच्या कुठल्या भागाचं आहे, आणि ते वाफेवर काढलंय का. नुसतं ‘पाइन फ्रॅग्रन्स’ लिहिलं असेल तर ते अत्तरवाल्याचं काम. लेबलवरचं चित्र मात्र मला तरी अलिबागच्या किनाऱ्यावरच्या सुरूचं वाटलं. सुरूचा आणि पाइनचा काही संबंध नाही.

आता फायदे. खोक्यावर सर्दी, सांधेदुखी, ताण, केस, त्वचा, जंतू, सगळंच लिहिलंय. हे खरं असतं तर दवाखान्यांच्या पाट्या रंगवायचं काम मला कधी मिळालंच नसतं. सर्दीत रुमालावर एक थेंब टाकून वास घेतला, नाक मोकळं झाल्यासारखं वाटलं, बरंही वाटलं. सर्दी तिच्या वेळेलाच गेली. गुडघ्यासाठी ३० मिली तिळाच्या तेलात ६ थेंब घालून सूनबाईने बाटली करून दिली. हे प्रमाण साधारण एक टक्का होतं, तेवढं पुरे. चोळल्यावर ऊब येते. त्यात पाइनच्या तेलाचा वाटा किती आणि चोळणाऱ्या हाताचा किती, हे मी सांगू शकत नाही, पण वासामुळे रोज चोळायचा कंटाळा येत नाही हे नक्की.

लादी पुसायला मात्र ही बाटली वापरू नका. सूनबाईने बादलीत थेंब टाकले, ते पाण्यावर तवंगासारखे तरंगत राहिले. त्यासाठी बोहरी आळीत कॅनमधून सुटं मिळतं ते पाइन ऑइल वेगळं. ते बहुतेक टर्पेंटाईनपासून बनवलेलं, त्यात टर्पिनिऑल नावाचं द्रव्य जास्त. तेल पाण्यात मिसळावं म्हणून साबणासारखं एक द्रव्य घालतात आणि पाणी ओतलं की दुधासारखं पांढरं होतं. हेच आपलं पांढरं फिनेल. जंतू मरतात की नाही हे त्यात पाइन ऑइल किती घातलंय यावर असतं. दुकानातलं पातळ, स्वस्त फिनेल बरेचदा नुसता वासच देतं.

मला सगळ्यात आवडलेला उपयोग खोक्यावर नाहीच. स्टीलच्या नव्या डब्यावरचं स्टिकर ओढलं की चिकट गोंद राहतो ना, त्यावर कापसाने दोन थेंब फिरवा, थोडं थांबा, पुसा. चकाचक. नंतर डबा साबणाने धुवायचा. काच आणि स्टीलवरच हे करा, प्लॅस्टिकवर नको. थर्माकोल तर विरघळतो.

जपून वापरायची गोष्ट आहे, हे मात्र विक्रेत्याने ठळक लिहायला हवं होतं. पोटात घ्यायचं नाही, लहान मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. दम्याच्या माणसाला हा वास त्रास देऊ शकतो. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत पसरवणारं उपकरण) नकोच, मांजराच्या शरीराला असली द्रव्यं नीट बाहेर टाकता येत नाहीत. तेल पेट घेतं, म्हणून गॅसच्या शेगडीजवळ ठेवायचं नाही. आणि जुनं झालेलं तेल कातडीला लावू नका. हवा लागून ते बदलतं, मग खाज आणि पुरळ उठू शकतं. रंगाऱ्यांच्या हातांना जुन्या टर्पेंटाईनने जे होतं तेच.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण खोक्यावरच्या बाता मारण्याबद्दल कापला, एक किमतीबद्दल. पुन्हा घेईन, पण सर्वांत लहान, गडद काचेची बाटली, बूच घट्ट लावून फ्रीजच्या दारात.