झेल्डाची चाळिशी: जुनं झळाळून, की नव्यानं घडवून?

'द लेजंड ऑफ झेल्डा', निन्टेन्डोच्या या व्हिडिओ गेम मालिकेतली पहिली गेम, जपानात आली २१ फेब्रुवारी १९८६ला. चाळिशीसाठी निन्टेन्डोकडून दोन अपेक्षा.

पहिली सोपी: मालिकेतल्याच 'विंड वेकर' आणि 'ट्वायलाइट प्रिन्सेस'च्या एचडी आवृत्त्या वी यू या जुन्या गेम कन्सोलवरून त्यानंतरच्या स्विचवर आणा. काम बरंचसं तयारच आहे, आणि वी यू विकले गेले सुमारे १.३५ कोटीच, म्हणजे अनेकांना त्या नव्याच. पस्तिशीलाही 'स्कायवर्ड स्वॉर्ड एचडी'वर भागवलं होतं म्हणा!

दुसरी, १९९८च्या 'ओकारिना ऑफ टाइम'चा पायापासून रीमेक. २०११ची थ्रीडीएस या हातात धरायच्या कन्सोलवरची आवृत्ती छान, पण पडदा इवलासा. 'लिंक्स अवेकनिंग'ला २०१९मध्ये पूर्ण नवं रूप दिलं, तसं इथे व्हावं. उशीर झाला तरी माझं मत यालाच. फक्त वॉटर टेंपल हा त्यातला अवघड टप्पा सोपा करू नका.