एक्स फाइल्सचा डीव्हीडी डबा, आणि आईचा एकच प्रश्न

आधी वस्तूबद्दल सांगून टाकते म्हणजे घेणाऱ्याला उपयोग होईल, भुताखेतांचं नंतर. एक्स फाइल्स म्हणजे मल्डर आणि त्याची जोडीदार स्कली हे एफबीआयचे दोन एजंट विचित्र, न उलगडलेल्या केसेसच्या मागे फिरतात ती अमेरिकन मालिका. तिचे पहिले नऊ सीझन, १९९३ ते २००२, एकूण २०२ एपिसोड, सगळे डीव्हीडीवर. दादाने न्यू जर्सीहून आणला हा डबा, तिकडे एका जुन्या सामानाच्या दुकानात पडून होता म्हणे, आणि येताना बॅगेत वहिनीने दिलेले बदाम आणि चॉकलेटं यांच्या मधे खोचून घेऊन आला. आता ओटीटीच्या काळात डीव्हीडी कशाला असं सगळ्यांनी विचारून झालंय. ओटीटीवरची मालिका आज असते उद्या नसते, कपाटातला डबा कुठे जात नाही, एवढंच माझं उत्तर.

पण घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचं एक कुलूप असतं, त्याला रिजन म्हणतात. अमेरिकेतल्या डीव्हीडी रिजन एकच्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर रिजन पाचचे, त्यामुळे पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने डिस्क घातली, पोहे वगैरे करून सगळे बसले, आणि स्क्रीनवर चुकीचा रिजन म्हणून पाटी आली. आईने पोहे खाल्ले आणि झोपायला गेली. शेवटी लेकीने कुठूनतरी शोधून आमच्या प्लेअरच्या रिमोटवरून कसलेतरी आकडे दाबून ते कुलूप काढलं. सगळ्या प्लेअरना हे जमत नाही, त्यामुळे आधी प्लेअरचं बघा आणि मग डब्यावर पैसे घाला.

दुसरं म्हणजे पहिले चार सीझन जुन्या टीव्हीसारखे चौकोनी दिसतात, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, आणि पाचव्यापासून चित्र एकदम रुंद होतं. लेक म्हणाली अगं आई टीव्ही बिघडलाय का. मला मात्र चौकोनीच आवडलं. नंतर एचडी करून रुंद केलेली आवृत्तीही मी पाहिलीये, चकाचक आहे, पण टॉर्चच्या उजेडापलीकडे काय आहे ते दिसायला लागलं की संपलंच ना सगळं. पहिले पाच सीझन व्हँकूवरला शूट केलेत, तिथला तो कायम ओला रस्ता आणि झाडांत साचलेलं धुकं, आईला तर राजापूरचा श्रावण आठवतो. सहाव्या सीझनपासून सगळे लॉस एंजेलिसला गेले आणि ऊन पडलं. ऊन पडल्यावर भूत कसलं घाबरवणार!

तर आमचा कार्यक्रम असा. शनिवारी रात्री नऊला आम्ही ठाण्यात एक एपिसोड बघतो, दादा त्याच्या सकाळी तोच एपिसोड तिकडे ओटीटीवर बघतो, आणि मग टॅब लोणच्याच्या बरणीला टेकवून व्हिडिओ कॉल लावायचा आणि भांडायचं. मी आणि दादा कॉलेजात असताना केबलवर बघायचो हे, तेव्हापासून भांडतोय. आता त्यात लेक आणि आई पण. आईला इंग्रजी निम्मं कळतं, निम्मं मी सांगते, आणि प्रत्येक राक्षसाबद्दल तिचा एकच प्रश्न ठरलेला. अरे पण त्याला पाहिजे काय?

ह्या प्रश्नावर आमची सगळी भांडणं उभी आहेत. आईचं म्हणणं, आपल्याकडे मुंजा असो, हडळ असो, देवचार असो, प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं असतं. कुणाचं लग्न राहिलेलं, कुणी बाळंतपणात गेलेली, कुणाला वर्षाचा नारळ मिळाला नाही. ते काय ते कळलं की अर्धी भीती गेली, मागेल ते द्यायचं नाहीतर भगताकडे जायचं. हे अमेरिकेतलं नुसतंच खायला का येतं?

म्हणून टूम्स. युजीन टूम्स, पहिल्या सीझनचा तिसरा एपिसोड, ज्यांनी बघितलाय त्यांना नाव ऐकूनच काटा येईल. दर तीस वर्षांनी उठतो, पाच माणसांची यकृतं खातो, परत तीस वर्षं झोपतो. १९०३, १९३३, १९६३, १९९३. अंग रबरासारखं ताणतो आणि धुराड्यातून, व्हेंटिलेटरच्या जाळीतून घरात शिरतो. वर्तमानपत्राच्या कागदांचं आणि स्वतःच्या पित्ताचं घरटं करून राहतो, आणि दिवसा नोकरी काय तर मोकाट कुत्री पकडायची. दादाच्या मते ह्याच्यासारखा राक्षस पुन्हा झाला नाही, आणि दादाचं बरोबर आहे हे मी त्याला कधीही सांगणार नाहीये. ज्या कलाकाराने केलाय, डग हचिसन, तो काही करतच नाही हो, नुसता बघतो. त्याच सीझनमधे पुढे तो परत येतो त्या एपिसोडमधे त्याची जुनी इमारत पाडून मॉल झालेला असतो आणि ह्याचं घरटं कुठे, तर सरकत्या जिन्याखाली. मल्डर आत रांगत जातो, टूम्स मागे लागतो, मल्डर कसाबसा बाहेर येतो आणि जिना चालू होतो. आईने त्या शनिवारपासून मॉलमधे सरकता जिना बंद केलाय, लिफ्टला कितीही रांग असू दे. आणि विशेष म्हणजे टूम्सला तिने पास केलं. त्याला भूक लागते ना, मग ठीक आहे, वाघाला पण लागते.

माझा आवडता मात्र फ्लूकमॅन. दुसरा सीझन, दुसरा एपिसोड. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा कचरा वाहणाऱ्या रशियन जहाजातून आलेला, अर्धा माणूस अर्धा जंतातला प्रकार, पांढराफटक, तोंडाच्या जागी चोषक. आणि राहतो कुठे, न्यूअर्कच्या गटारात! म्हणजे दादाच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. दादाला हा एपिसोड आवडत नाही ह्याचं खरं कारण हेच आहे, तो कितीही पटकथा कच्ची आहे वगैरे म्हणू दे. गटारात काम करणारा एक माणूस आंघोळ करताना खोकतो आणि तोंडातून जे बाहेर पडतं ते मी इथे लिहीत नाही, जेवत असाल. लेकीने मान फिरवली. मला त्या प्राण्याची दयाच येते, त्याने काय मागितलं होतं का असं व्हायला, कचरा केला कुणी आणि राक्षस ठरला कोण. त्या पोशाखात जो माणूस होता, डॅरिन मॉर्गन, तोच पुढे ह्या मालिकेचा सगळ्यात भारी लेखक झाला आणि १९९६ चा एमी, म्हणजे टीव्हीतला मोठा पुरस्कार, घेतला, हे मी दादाला दर महिन्याला एकदा तरी ऐकवते.

एमी ज्याच्यासाठी मिळाला तो क्लाइड ब्रकमनचा एपिसोड, सीझन तीन. क्लाइड म्हणजे विम्याचा एजंट, आमच्या सोसायटीत पण एक काका आहेत सेम असेच, फक्त क्लाइडला समोरचा माणूस कसा मरणार ते दिसतं, आणि तरी पॉलिसी विकायची असते. पीटर बॉइलने काय केलंय तो, थकलेला, कंटाळलेला, त्यालाही एमी मिळाला. त्यात स्कली त्याला विचारते की मी कशी मरणार, आणि तो म्हणतो, तू मरणार नाहीस.

बास. ह्या एका वाक्यावर आमच्याकडे तीन शनिवार गेले. लेक म्हणते स्कली अमर आहे, सरळ सांगितलंय त्याने, आणि पुढे सहाव्या सीझनमधे त्याला धरून आणखी एक एपिसोड आहे ज्यात एका फोटोग्राफरचं मरण राहून गेलेलं असतं, तिथे तर पुरावाच मिळतो. दादा म्हणतो काही नाही, तो म्हातारा फक्त चांगलं वागला तिच्याशी, जाता जाता एकदा तरी कुणाला बरं सांगावं म्हणून. मी आधी लेकीच्या बाजूने होते. मग आम्ही लेनर्ड बेट्सचा एपिसोड लावला, सीझन चार, जो १९९७ च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, लगेच नंतर दाखवला होता आणि जवळजवळ तीन कोटी लोकांनी बघितला. बेट्स हा ॲम्ब्युलन्सवरचा माणूस, डोकं उडालं तरी नवीन उगवणारा, आणि त्याचं अन्न म्हणजे कॅन्सरच्या गाठी. तर तो ॲम्ब्युलन्समधे स्कलीसमोर येतो आणि म्हणतो सॉरी, पण मला हवंय ते तुझ्याकडे आहे. झालं. म्हणजे काय ते तिला कळतं, आपल्याला कळतं, आणि ती काही न बोलता त्याच्याशी झटापट करते. रात्री घरी तिच्या नाकातून रक्त येतं. आमच्या हॉलमधे कुणी बोललं नाही. आई पण. टॅबवर दादा चहाचा कप हातात धरून तसाच. मग आई म्हणाली, बघ, ह्याने तरी मागून घेतलं. आणि मी बाजू बदलली, आता मला दादासारखंच वाटतं की क्लाइडने तिला जे दिलं ते भाकीत नव्हतं. लेक अजून बोलत नाहीये माझ्याशी ह्या विषयावर.

मल्डर आणि स्कलीचं जुळावं की नाही हे भांडण तर जगभर झालं, आजकालची पोरं ज्याला त्याला शिप करतात, म्हणजे मनातल्या मनात दोघांचं जुळवून टाकतात, तो शब्दच ह्या मालिकेच्या चाहत्यांनी रुळवलाय, आणि जुळू नये म्हणणाऱ्यांचा वेगळा गट होता. आईने पहिल्याच शनिवारी निकाल दिला, लग्न लावून टाका, दोघं रात्री अपरात्री एकत्र फिरतात.

परग्रहवासी आणि सरकारचा कट हा जो मोठा धागा आहे तो मात्र, खरं सांगते, सोडून द्या. काळं तेल, मधमाश्या, क्लोन, कोण कुणाचा बाप, सातव्या सीझनपर्यंत लिहिणाऱ्यांनाच आठवत नसावं असं वाटतं. दादाला त्या कटातला तो सिगारेटवाला फार आवडतो, मॉर्लेचं पाकीट घेऊन कोपऱ्यात उभा राहणारा, त्याच्या मते खरा राक्षस तोच, बाकी सगळे जनावरं. असेल. पण आईने विचारलं त्याला पाहिजे काय, तर नऊ सीझन बघितलेला माणूस दहा मिनिटं बोलला आणि उत्तर आलं नाही.

आता राग. आठवा सीझन, जानेवारी २००१, एपिसोडचं नावच ‘बदला’, सूड या अर्थाने. मल्डर बहुतेक गायब, त्याच्या जागी डॉगेट हा नवा एजंट आलाय. (डॉगेटला शिव्या घालणाऱ्यांनी एकदा परत बघा, रॉबर्ट पॅट्रिकने मुलगा गमावलेला बाप फार सुंदर केलाय, आणि तो मल्डर व्हायला जात नाही हेच त्याचं चांगलं.) तर एपिसोड सुरू होतो आपल्या सहार एअरपोर्टवर! विमानतळाचं नाव तोपर्यंत बदललं होतं पण मुंबईकर अजून सहारच म्हणतो म्हणून माफ. आम्ही सगळे पुढे सरकून बसलो. चाकाच्या फळीवर बसलेला, पाय नसलेला एक फकीर, दीप रॉयने केलेला, आणि त्या चाकाचा किर्र किर्र आवाज. एक जाडा अमेरिकन बिझनेसमन त्याच्यावर खेकसतो आणि मग बाथरूममधे जे होतं ते होतं, फकीर त्याच्या शरीरात शिरूनच वॉशिंग्टनला पोचतो. किळस आहे पण आवाज जबरदस्त, चाक कुरकुरलं की पाय वर घ्यावेसे वाटतात.

कारण काय तर मुंबईजवळ एका अमेरिकन केमिकल कारखान्यात गॅस गळती झाली, त्यात त्याचा मुलगा गेला. म्हणजे १९८४ चं भोपाळच, दुसरं काय. आई एकदम ताठ बसली. तिच्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुठल्याच राक्षसाकडे नव्हतं. ह्याला पाहिजे न्याय. आणि ह्यांनी काय केलं, तर त्याला एका शाळेत सफाईवाला करून लहान पोरांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या मागे लावलं, ज्यांचा कारखान्याशी काडीचा संबंध नाही. आणि त्याचं गाऱ्हाणं त्याच्या तोंडून नाहीच, ते स्कलीला एक तज्ज्ञ सांगतो. टूम्सला दोन एपिसोड दिले, आणि ज्याच्याकडे खरं कारण होतं त्याला एक कुरकुरणारं चाक. आई म्हणाली कंपनीवाला राहिला बाजूला, पोरांना कशाला त्रास देतो, आमचा देवचार असता तर नेमका साहेबाच्या बंगल्यावर गेला असता. शेवटी तो परत सहारला बसलेला दिसतो, पुढच्या अमेरिकन माणसाकडे बघत. तेवढं शेवटचं दृश्य चांगलंय.

डब्याला पाचपैकी चार. एक गुण कापला तो तिसऱ्या सीझनच्या एका डिस्कवर चरा आहे म्हणून, नेमका क्लाइडचा एपिसोड मधेच अडकतो. टूथपेस्ट लावून पुसून झालं, उपयोग शून्य, उरलेला भाग दादाने तिकडून टॅबवर दाखवला. विकत घेताना डिस्क उजेडात धरून बघा. मराठी सोडाच, हिंदी सबटायटल पण नाहीत, इंग्रजी आहेत.

पुढच्या शनिवारी ‘होम’ नावाचा एपिसोड लावायचाय, १९९६ चा, जो एकदा दाखवून झाल्यावर फॉक्स चॅनेलने बरीच वर्षं पुन्हा दाखवला नाही. लेक सोळाची आहे, मी तिला नको म्हणतेय, दादा म्हणतो बघू दे. आई म्हणाली आधी मी एकटी बघते दुपारी, मग सांगते.