फ्लोरेन्स दुसऱ्यांदा करताय? मग रेशमाचा कारखाना आणि कोल्हापूरच्या महाराजांची छत्री बघूनच या

आधी निकाल सांगून टाकते, बाकीचं नंतर. फ्लोरेन्सला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुओमो (मोठं चर्च), डेव्हिडचा पुतळा, पोंते वेक्यो हा जुना पूल हे सगळं बघायचंच, त्यात वादच नाही. पण दुसऱ्यांदा जायचा योग आला तर परत त्याच लायनीत उभं राहू नका, अंतीको सेतिफीचो फियोरेंतीनो नावाचा रेशमाचा कारखाना आणि काशिने बागेच्या टोकाला असलेली छत्रपती राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे स्मारक, या दोन जागांसाठी वेळ काढा. माझ्याकडून दोन्हीला पैकीच्या पैकी.

आमच्या घरी टॉवेलचा कारखाना आहे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. २०२३ च्या जूनमध्ये मिलानला इटमा होतं, म्हणजे टेक्स्टाइल मशिनरीचं जगातलं मोठं प्रदर्शन, दर चार वर्षांनी भरतं, सोलापुरातून पण लोक जातात. मिस्टर आणि दीर चालले होते, तर मी म्हटलं मी पण येते आणि प्रदर्शन झालं की फ्लोरेन्स परत करायचं. मिलानहून फास्ट ट्रेन दोन तासांच्या आत फ्लोरेन्सला पोचवते. पहिल्या वेळी टूरबरोबर गेलो होतो, तेव्हा गाइडच्या झेंड्यामागं पळण्यातच दिवस संपला होता, आणि ज्या गावानं शेकडो वर्षं लोकर आणि रेशीम विकून पैसा कमावला, त्या गावात एक माग सुद्धा बघायला मिळाला नव्हता ही रुखरुख मनात होतीच.

तर सेतिफीचो. आर्नो नदीच्या पलीकडं सान फ्रेदियानो म्हणून जुना कारागिरांचा भाग आहे, तिथं बार्तोलीनी गल्लीत हा कारखाना १७८६ पासून चालू आहे. फ्लोरेन्सच्या खानदानी घराण्यांनी आपापल्या घरचे माग आणि डिझाइन्स एकत्र आणून एका छताखाली ठेवले, तिथून याची सुरुवात. मधल्या काळात फॅशन डिझायनर एमिलिओ पुच्ची यांनी तो जगवला, आणि २०१० पासून स्तेफानो रिच्ची या फ्लोरेन्सच्याच कंपनीकडं आहे. बाहेरून बघाल तर फाटक आणि भिंत, आत एवढं काय आहे याचा पत्ता पण लागत नाही. आधी वेळ ठरवूनच जायचं, आम्ही सोलापुरातूनच ईमेल करून ठेवला होता.

आत गेल्यावर आमचे दीर जे थांबले ते एका मशीनपुढं थांबले. ताणा, म्हणजे कापडातले लांबीचे धागे, मागावर चढवायच्या आधी मापात गुंडाळून घ्यायचं मशीन, पण उभं! लाकडाचा उंच पिंजऱ्यासारखा ड्रम, उभ्या दांड्यावर हातानं फिरवायचा, बाजूला बॉबिनींचा स्टँड, आणि ड्रम जसा फिरेल तसा धागे धरणारा छोटा लाकडी ठोकळा वर-खाली सरकत जातो, त्यामुळं रेशमाचे धागे एकावर एक न चढता तिरके तिरके, शेजारी शेजारी बसतात. हे मशीन १९ व्या शतकातलं, पण लिओनार्दो दा विंचीनं काढलेल्या आराखड्यावरून बनवलेलं, आणि शोभेला ठेवलेलं नाही तर आजही ताणा यावरच काढतात. दीर म्हणाले, "वहिनी, बघा की, आपल्या वार्पिंगमध्ये (ताणा काढताना) कॉम्प्युटर जे करतोय ना, तेच काम हा ठोकळा करायलाय." आणि खरंच, मूळ अडचण तीच आहे ना, हजारो धागे एका लांबीचे, एका ताणाचे पाहिजेत, एक जरी ढिला पडला तर पुढं मागावर सगळं कापड बोंबलतं. ही अडचण सोलापूरच्या विणकराला पण माहीत आणि त्यांना पण.

पलीकडच्या हॉलमध्ये १८ व्या शतकातले हातमाग आहेत, वर जॅकार्ड, म्हणजे कार्डांवरून नक्षी विणायचं यंत्र, लावलेलं, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्यानं ओवलेली, खाली बाई धोटा टाकतायत. आमच्या चादरीवरची नक्षी पण जॅकार्डवरच निघते, त्यामुळं आम्हाला कुणी समजवायची गरजच नव्हती, उलट मिस्टरांनीच हातवारे करून दोन-चार प्रश्न विचारले आणि त्या बाईंनी माग थांबवून कापडाची मागची बाजू उलटून दाखवली. डमास्क (विणीतच नक्षी असलेलं कापड) एवढा साफ विणलेला की मागची बाजू पण पुढं घेऊन शिवावी. आणि एर्मिसीनो म्हणून एक टाफेटा, म्हणजे साध्या विणीचं रेशमी कापड, आहे, ताणा एका रंगाचा बाणा (आडवा धागा) दुसऱ्या, हातात घेऊन वळवला की रंग बदलतो, आपल्याकडं धूपछाव म्हणतो ना अगदी तसं, पण पोत जरा कडक आणि सळसळीत. पडदे, सोफ्याची कापडं, जुन्या राजवाड्यांच्या दुरुस्तीची कामं असला सगळा माल. किमती आपल्या आवाक्यातल्या नाहीत, हे आधीच सांगते, पण बघायला आणि हात लावायला मिळतं हेच खूप आहे. ज्यांच्या घरी माग आहेत किंवा होते, सोलापुरात साखर पेठेतले असोत नाहीतर अशोक चौकातले, त्यांनी तर फ्लोरेन्समध्ये बाकी काही बघितलं नाही तरी चालेल पण हे बघाच.

आता छत्री. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (हे दुसरे, शाहू महाराजांच्या आधीचे) १८७० साली इंग्लंडला गेले होते, परतताना फ्लोरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच वारले. वय फक्त २०. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. परक्या मुलखात, दहन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही अशा लोकांत, परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. त्याच जागेवर १८७४ मध्ये छत्री उभी राहिली, आराखडा मेजर चार्ल्स मांट यांचा, कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी डिझाइन केला तेच, आणि आतला पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा.

जायला ट्रॅम आहे, स्टेशनजवळून टी-वन पकडायची, काशिनेला उतरायचं, पण छत्री बागेच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, नदीकाठानं चांगली पाऊण तासाची चाल. झाडी दाट आहे, लोक पळतायत, सायकली चालवतायत, टुरिस्ट एक पण नाही. आणि मग एकदम समोर घुमट, खांब, आणि खाली फेटा, दागिने घातलेला रंगवलेला अर्धपुतळा. चेहरा अगदी कोवळा हो. मिसरूड फुटलेला मुलगा. मी चपला काढून नमस्कार केला, मिस्टरांनी पण केला, कुणी काही बोललो नाही थोडा वेळ. शेजारच्या मोठ्या पुलाचं नाव पण याच्यावरूनच पोंते आल्लिंदियानो, म्हणजे ‘भारतीयाजवळचा पूल’, पडलंय, म्हणजे रोज हजारो गाड्या आपल्या महाराजांच्या नावावरून जातायत आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्या टूरच्या कार्यक्रमात हे ठिकाण दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. टूरवाल्यांनी अर्धा तास काढून बस तिथं न्यावी, कुणाला जड जाणार नाही.

चित्रांची आवड असेल तर सांतापोल्लोनिया. जोडून सांगते कारण दुओमोपासून चालत दहा-पंधरा मिनिटं, आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं आणि हॉलमध्ये आम्ही सोडून दोनच माणसं. नन्सच्या मठाची ही जेवणाची खोली, अख्ख्या भिंतीवर आंद्रेआ देल कास्तान्योनं १४४७ च्या सुमारास काढलेलं शेवटचं भोजन, म्हणजे येशूचं शिष्यांबरोबरचं अखेरचं जेवण. मठ बंदिस्त होता त्यामुळं १९ व्या शतकापर्यंत बाहेरच्यांना हे चित्र माहीतच नव्हतं. बारा शिष्यांतला येशूला दगा देणारा ज्यूडास एकटाच टेबलाच्या अलीकडं बसलाय, आणि बरोबर त्याच्या आणि येशूच्या डोक्यावरचा संगमरवराचा चौकोन बघा, बाकीचे शांत आहेत आणि या एकाच्या रेघा नुसत्या उसळल्यायत. चेहऱ्यावर जे दाखवलं नाही ते त्या दगडात दाखवलंय. मी तिथं बाकावर बसून राहिले, दीर बाहेर कॉफी पिऊन आले तरी मी उठले नव्हते. तिथून जवळच कियोस्त्रो देल्लो स्काल्झो, आंद्रेआ देल सार्तोची एकाच रंगाच्या छटांतली भित्तिचित्रं, छोटंसं अंगण, ते पण सुंदर आहे पण उघडायचे दिवस मोजकेच असतात, आधी चौकशी करा.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी लोकांनी रिबोल्लीता मागवायचं, शिळा पाव, पांढरे बीन्स आणि काळसर पालेभाजी घालून शिजवलेलं घट्ट सूप, पोटभरीचं, फक्त त्यात मांसाचं पाणी घातलंय का ते विचारून घ्या. तिथला पाव बिनमिठाचा असतो, तोस्काना या भागाची पद्धतच तशी, नुसता घशाखाली उतरत नाही. आम्ही शेंगाचटणीचा डबा नेला होता, तेल घालून पावाला लावली, आणि खरं सांगते मस्त लागली, तुम्ही पण न्या.

जूनमध्ये जाणार असाल तर काशिनेला सकाळी लवकर निघा, ऊन आपल्या सोलापूरसारखं नसलं तरी दमट असतं. मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो, कपडे, भांडी, भाजी सगळं, तो दिवस धरला तर बाजार आणि छत्री एकाच फेरीत होतं. सेतिफीचोचा ईमेल मात्र तिकीट काढल्या काढल्या टाका, इंग्रजीत लिहिलं तरी चालतं, आणि आपण कापडाच्या धंद्यातले आहोत हे त्यात आवर्जून लिहा.