इटालियन ते पोर्तुगीज ट्रान्सलेटर शोधायचे सात महिने

आमच्या कंपनीचं हेड ऑफिस इटलीत, एक ब्रांच ब्राझीलमधे आणि डॉक्युमेंटेशनचा सगळा कारभार पुण्यात आमच्या टीमच्या गळ्यात. म्हणजे एचआर पॉलिसी, ट्रेनिंग मॅन्युअल, मॅनेजमेंट रिपोर्ट हे सगळं इटालियनमधून पोर्तुगीजमधे करून घ्यायचं, आणि मला दोन्हीपैकी एकही भाषा धड येत नाही.

आधी एका एजन्सीला दिलं, नाव नको. स्वस्त होती म्हणून. मागाहून कळलं की ते आधी इंग्लिश करून घेतात आणि त्यावरून पोर्तुगीज, वर तो पोर्तुगीजवाला लिस्बनचा. ब्राझीलच्या एचआर मॅडमनी फाईल परत पाठवली ती पानोपानी लाल. टीमला पोर्तुगालात 'इकिपा', ब्राझीलमधे 'इकिपी'. शेवटचं एकच अक्षर वेगळं, पण वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं की हे आपल्यासाठी लिहिलेलं नाही. टर्नओव्हरला (कंपनीच्या एकूण विक्रीला) तर शब्दच वेगळा, ब्राझीलमधे 'फातुरामेंतू', पोर्तुगालात तीन शब्दांचं काहीतरी. पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांच्या 1990 च्या करारानं स्पेलिंग बरंचसं एक केलं, शब्द काही एक झाले नाहीत.

मग प्रोझ डॉट कॉम या ट्रान्सलेटर लोकांच्या साइटच्या डिरेक्टरीत गेलो. भाषेची जोडी, विषय, मातृभाषा, देश असं सगळं लावून शोधता येतं, ते बरं आहे. फक्त विषय ज्याचे त्यानं टिक केलेले असतात हे डोक्यात ठेवा. पहिली सापडली ती दक्षिण ब्राझीलमधल्या काशियास दो सुलची, गोड बाई, पण तिचं इटालियन आजीकडून आलेलं, तिकडचं ताल्यान, इटलीतल्या व्हेनेतो भागाच्या बोलीवर पोसलेलं. आमच्या पॉलिसीत कार अलाउन्स फक्त 'क्वाद्रीं'ना होता. इटलीत ही कायद्यातली कॅटेगरी आहे, 1985 च्या 190 नंबरच्या कायद्यानं आलेली, वरचे मॅनेजर आणि क्लार्क यांच्या मधली. तिनं सरळ 'क्वाद्रू' ठेवलं, आणि कंपनीचा 'क्वाद्रू' म्हटलं की ब्राझीलमधे सगळा स्टाफ! म्हणजे कार अलाउन्स वॉचमनपासून सगळ्यांना. छापायच्या आदल्या दिवशी सापडलं, नशीब.

तेव्हापासून मी आधी एक पॅराग्राफ पैसे देऊन करून घेतो. त्यात मुद्दाम 'उतिले' असतं, इटालियनमधे नफा, पण पोर्तुगीज 'उतिल' म्हणजे उपयोगी. आणि 'कासा इंतेग्रात्सियोने', काम कमी पडलं की इटलीत कामगाराचा बुडालेला पगार काही अंशी भरून देणारी व्यवस्था. याला नुसता प्रतिशब्द देऊन भागत नाही, समजावून लिहावं लागतं. आत्ताची ट्रान्सलेटर ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोंतेची आहे, तिनं काम हातात घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचारले आणि तिथेच मी ठरवलं. प्रश्न न विचारता फाईल परत आली की मला आता धडकी भरते. (आपला 'पगार' पोर्तुगीजमधून आलाय म्हटल्यावर ती खूप हसली, तिकडे 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणं.)

रेटचं आधी बोलून घ्या. इटलीवाले 'कार्तेल्ला'वर (म्हणजे ठरलेल्या मापाच्या पानावर) सांगतात, बहुतेक स्पेससकट 1500 कॅरेक्टर, ब्राझीलवाले 'लाउदा'वर, तेही पानच, आणि लाउदा किती कॅरेक्टरची हे ज्याचं त्याचं. मी मूळ मजकुराच्या शब्दावर पैसे देतो, भांडण नाही. टाइमचं म्हणाल तर ब्राझीलमधे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, त्यामुळे घाईचं काम असेल तर घरी सांगून ठेवा. आणि सरकारी कामाचे कागद असतील तर ही चालत नाही, त्याला 'जुरामेंतादा', म्हणजे सरकारमान्य शपथ घेतलेला ट्रान्सलेटर लागतो, ती शोधाशोध अजून चालूच आहे.