खडपावर स्क्रूवाले हुक: टोक वाचतं, शिसं अडकतंच

शॅड म्हणजे माशाच्या आकाराचं रबरी आमिष; त्यासाठीचे हे हुक आता टॅकलच्या बहुतेक दुकानांत दिसतात: दांड्याच्या पोटाला शिसं, दोरी बांधायच्या डोळ्याजवळ आमिष पकडायला स्प्रिंगसारखा स्क्रू, आणि पाकिटावर ‘वीडलेस’, म्हणजे न अडकणारा. साध्या जिगहेडपेक्षा (शिशाचं डोकं असलेल्या गळापेक्षा) महाग आहेत. रत्नागिरी-मालवणच्या खडपांवर (किनाऱ्याच्या खडकांवर) तांबोशी, हेकरू या माशांच्या मागे असणाऱ्यांनी ते घ्यावेत, असं आमचं मत आहे. मात्र ‘अडकणारच नाही’ या समजुतीत राहू नका.

जिगहेडचं वजन नाकात असतं, त्यामुळे तो तोंड खाली करून बुडतो आणि थेट कपारीत घुसतो. वर गळाचं टोक उघडं, म्हणजे ओढताना तेही दगडात रुततं. स्क्रूवाल्या हुकचं शिसं पोटाला असल्याने शॅड बऱ्यापैकी आडवा बुडतो आणि टोक त्याच्या पाठीत लपलेलं राहतं. कालवं चिकटलेल्या सपाट कातळावर, शेवाळात हा फरक लगेच कळतो. जांभ्याच्या भोकांत मात्र तो कमी होतो. तिथे टोक नाही, शिसंच रुततं, आणि त्यावर कुठलाच ‘वीडलेस’ चालत नाही.

म्हणून वजन निवडताना हात आखडता घ्या. दोन ते चार मीटर पाण्यात चार इंची शॅडला ५ ते ७ ग्रॅम पुरतं. वारा किंवा ओढ असेल तर १० ग्रॅम. लांब फेक जावी म्हणून १४ ग्रॅम लावलं की शॅड तळावर आदळत येतो आणि हुकवर घातलेले जादा पैसे वाया जातात. तळाला टेकल्याचं कळलं की लगेच दोन-तीन वेढे गुंडाळायचे, रॉडचं टोक थोडं उचलायचं, आमिष पुन्हा टेकू द्यायचं. तळावर घासत आणायचं नाही.

लावण्याची पद्धत पाकिटावरच्या चित्रात नीट कळत नाही. आधी हुक शॅडच्या बाजूला धरून टोक पाठीत कुठे येईल ते पाहा. स्क्रू नाकाच्या बरोबर मध्यावर टेकवून तीन-चार वेढे फिरवा. मग पोटाच्या चिरेतून टोक वर काढा आणि पाठीच्या रबरात जेमतेम लपेल इतकं मागे टोचा. शॅड सरळ राहिला पाहिजे. थोडा जरी वाकला तरी पाण्यात गरगर फिरतो आणि दोरीला पीळ बसतो. ज्या स्क्रूच्या मधोमध बारीक पिन असते (ओनर कंपनीच्या ट्विस्टलॉक हुकला ती असते) त्यात मध्य साधणं सोपं जातं. पोटाला चीर नसलेला जाड शॅड यावर लावू नये. मासा चावतो, पण रबर दबून टोक बाहेर येत नाही आणि मासा सुटतो.

रबर दबून टोक बाहेर यायला झटका जोरात बसावा लागतो, म्हणून तंगूसपेक्षा (नायलॉनच्या एकेरी दोरीपेक्षा) ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, बरी. तंगूस ताणतो, झटक्याचा जोर वाटेतच जिरतो. ३० पाउंड ताण सोसणारी ब्रेड, पुढे गळापर्यंत ४० पाउंडाचा फ्लुरोकार्बनचा तुकडा, म्हणजे लीडर, हातभर लांब. लीडर कालवांच्या धारेवर घासतो. दर काही फेकींनी नखाखालून फिरवून पाहा आणि खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून नव्याने बांधा. हेकरू लागला तर ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्टच हवा, नाहीतर तो बिळात शिरतो आणि मग हुक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

अडकलंच तर सरळ मागे ओढू नका, शिसं आणखी खोल रुततं. दोरी ढिली सोडून रॉडचं टोक हलवा. नाही सुटलं तर रील आणि रॉडच्या पहिल्या कडीमधली दोरी ताणून टणकन सोडा. त्या धक्क्याने शिसं बऱ्याचदा मागे सरकतं. तेही नाही झालं तर जमेल तितकं बाजूला जाऊन उलट दिशेने ओढा. शेवटी तोडायचीच वेळ आली तर रॉडने नाही, हाताला ब्रेड गुंडाळून तर मुळीच नाही. ती बोट कापते. काठीला वेढे देऊन ओढा.

तक्रारी दोन. केंड माशांनी शॅड कुरतडला की स्क्रूची पकड जाते आणि शॅड खाली घसरतो. तेवढं नाक कापून पुन्हा फिरवता येतं, पण आमिष आखूड होतं. दुसरी गंजाची. स्क्रूच्या वळणांत खारं पाणी साचतं, म्हणून गोड्या पाण्याने धुऊन, पुसूनच डबीत ठेवा.

कोलंबी किंवा चिंबोरी लावून गरवणाऱ्यांना या हुकचा काही उपयोग नाही. त्यांनी मुख्य दोरी ३० पाउंडाची ठेवून शिसं १० पाउंडाच्या वीतभर तंगुसाने वेगळं लोंबतं बांधावं. अडकलं तर तो तुकडा तुटतो, फक्त शिसं जातं, गळ आणि मासा परत येतो. शिशाऐवजी गॅरेजमधले जुने स्पार्कप्लग लावले तर तेही जायचं दुःख नाही, पण ते समुद्रात राहतात हे लक्षात ठेवून मोजकेच वापरा.

विकत घ्यायचेच तर ५ ग्रॅम आणि १० ग्रॅम, दोन्ही ४/० या गळाच्या मापात. आणि पहिल्यांदा टाकण्याआधी पूर्ण सुकतीला जाऊन ते खडप उघडं पाहून या; कपारी कुठल्या दिशेने धावतात हे फोनमध्ये टिपून ठेवलं की भरतीला त्यांना आडवं न ओढता त्यांच्या धावेने ओढता येतं.