बिचाऱ्या प्लूटोच्या बाजूने

'प्लूटोज ख्रिसमस ट्री' हा कार्टूनपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चौथीत होते. मावसभाऊ मस्कतहून सुट्टीला आला होता. त्याच्या बॅगेत सगळ्यांसाठी साबण, अत्तर आणि आम्हा पोरांसाठी एक व्हिडिओ कॅसेट होती. रोह्याला आमच्या आळीत व्हीसीआर एकाच घरी, त्यामुळे पंधरा-वीस जण दाटीवाटीने बसलो होतो. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नाही. सगळे खो खो हसत होते. मी मात्र शेवटी रडले, त्याचं कारण पुढे सांगते.

डिस्नेचा हा लघुपट नोव्हेंबर १९५२ चा, जेमतेम सात मिनिटांचा. मिकी माउस आणि त्याचा कुत्रा प्लूटो बर्फातून नाताळचं झाड आणायला जातात. दोन चिपमंक, म्हणजे आपल्या खारीची परदेशातली चुलत भावंडं, प्लूटोला चिडवतात. तो मागे लागतो, ती एका झाडात शिरतात आणि मिकी नेमकं तेच झाड तोडून घरी आणतो. आता दिवाणखान्यात सजवलेलं झाड, झाडात ही दोन कार्टी, आणि त्यांचा पत्ता फक्त कुत्र्याला. गोष्ट एवढीच. (खरी चिपमंक बहुतेक जमिनीत बीळ करून राहतात आणि हिवाळ्यात बराच काळ झोपून काढतात. पण त्यांना झोपू दिलं असतं तर सिनेमा कुठला!)

या दोन चिपमंकांपैकी चिप काळ्या नाकाचा आणि शहाणा. डेल लाल नाकाचा, दातांत फट असलेला आणि बिनडोक. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चिपेंडेल नावाचा फर्निचरवाला होऊन गेला, त्याच्या नावाचे मधोमध दोन तुकडे करून ही नावं ठेवली. प्लूटोशी त्यांचं वैर जुनं. १९४३ मध्ये ती पहिल्यांदा पडद्यावर आली तीच मुळी लष्करी पहाऱ्यावरच्या प्लूटोला छळायला, आणि तेव्हा तर त्यांना नावंही नव्हती.

या सात मिनिटांत खरी मजा आहे ती डेलची. झाडाला टांगलेल्या चकचकीत गोळ्यात तो स्वतःचं वेडंवाकडं थोबाड बघत बसतो, ते पाहून माझी आजीसुद्धा हसली होती. ती पितळी घागरीत आमचे चेहरे दाखवायची, तोच खेळ. साखरेच्या कांड्या आणि मिकीने वाडग्यात काढून ठेवलेली अक्रोड-बदामं म्हणजे तर त्यांना घरबसल्या मेजवानी. आणि मेणबत्त्यांचा प्रसंग! सांताच्या आकाराच्या मेणबत्त्यांच्या ओळीत डेल स्वतःच सांता होऊन उभा राहतो, आणि मिकी एकेक मेणबत्ती पेटवता पेटवता याच्या टोपीलाही काडी लावतो. एक शब्द नाही. कितीदा पाहिलं तरी मी त्या जागी पाय वर घेऊन बसते.

दिग्दर्शक जॅक हॅना. डोनाल्ड डकचे कितीतरी लघुपट या माणसाने केले. चिप-डेलने डोनाल्डचा जीव नकोसा केला की आपण 'बरं झालं' म्हणतो, कारण बहुतेक वेळा खाज त्यालाच असते. इथे माझी पंचाईत होते. प्लूटो राखणीचं काम करतोय. घरात कुणी शिरलंय हे तो जीव तोडून सांगतोय, आणि त्याला बोलता येत नाही. उलट मालकाची बोलणी त्यालाच.

आमच्याकडे टिप्या होता. एका गणपतीत तो मखराकडे बघून दिवसरात्र भुंकायचा. बाबांनी त्याला मागच्या पडवीत बांधलं, आई म्हणाली याला दृष्ट लागली. गौरी-गणपती निघाले, मखर उचललं, तर मागे उंदराने पडदा कुरतडून घरटं केलेलं, आणि त्यात चार मोदकांच्या कळ्या. आईने हात जोडले. "त्याचं वाहनच ते, येणारच!" उंदराला माफी मिळाली. टिप्याची कुणी साधी पाठही थोपटली नाही.

इथे तर घराचा मालकच उंदीर. शेवटी प्लूटोचा संयम सुटतो, तो झाडावर झेप घेतो आणि सगळी सजावट भुईसपाट. मग कुठे मिकीला ती दोघं दिसतात. आणि तो काय करतो? किती गोड आहेत म्हणतो. नाताळ आहे ना! बाहेर मिनी, डोनाल्ड आणि गूफी ही मिकीची मित्रमंडळी गाणं म्हणत उभी असतात, आतून चिप-डेल सूर लावतात, प्लूटोही बिचारा भांडण विसरून गळा काढतो. तर त्याच्या तोंडावर 'नाताळपर्यंत उघडू नये' अशी चिकटपट्टी! मी रडले ती इथे. आता हसते, पण पूर्ण नाही.

मिकीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. त्याचा आवाज जिमी मॅकडोनाल्डचा, जो स्टुडिओच्या ध्वनिपरिणाम विभागाचाही माणूस. तोवर मिकी इतका सभ्य झाला होता की त्याच्यावर विनोद करायची सोयच उरली नव्हती. १९५३ मध्ये त्याचा आणखी एक लघुपट आला, आणि मग थेट १९८३ पर्यंत थिएटरसाठी त्याचा नवा लघुपट नाही. मला त्याचं नवल वाटत नाही.

घ्यायचाच असेल तर २००१ च्या 'मिकीज मॅजिकल ख्रिसमस: स्नोड इन ॲट द हाउस ऑफ माउस' या संग्रहात हा आहे. बाकीच्या गोष्टींसाठी मी पैसे दिले नसते. भाचीला त्यातली 'नटक्रॅकर' ही गोष्ट आवडली, मी त्या वेळात चहा टाकून आले.

पाचपैकी चार तारे. पाचवा टिप्याचा, तो मी कुणाला देणार नाही. आणि एक, घरी कुत्रा असेल तर शेवटच्या मिनिटाला आवाज कमी करा. आमची सध्याची चिंगी प्लूटोच्या सुरात सूर मिसळते, आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.